चुकीच्या कलमाखालची फिर्याद

आमच्या सहनिवासाच्या यंदाच्या वार्षिकांकात, पाणीपट्टीचा ताळेबंद आणि गणेशोत्सवाचा जमाखर्च यांच्या मधोमध, मांजरांच्या कोरड्या खाद्याविषयी एक जळजळीत लेख प्रसिद्ध झाला असून, त्यात ज्या 'दुर्दैवी बोक्या'चा दाखला नामनिर्देश टाळून दिला आहे तो बोका आमच्या घरचाच, हे चारही इमारतींतील आबालवृद्धांस ठाऊक असल्यामुळे, त्या लेखावर कैफियत सादर करणे मला प्राप्त झाले आहे. लेखकमहाशय माझे जुने स्नेही. त्यांच्या भूतदयेविषयी मला तिळमात्र संशय नाही आणि त्यांच्या संतापाविषयी तर नाहीच नाही. परंतु हयातीची चौतीस वर्षे जिल्हा न्यायालयाच्या दप्तरात काढल्याने एक खोड जडली आहे, ती अशी की, कोणतीही फिर्याद हाती आली म्हणजे फिर्यादीची हानी झाली आहे काय हे पाहून झाल्यावर, ती ज्याच्या माथी मारली आहे त्यानेच केली आहे काय, हा दुसरा प्रश्न मी विसरत नाही. डोके खरोखर फुटलेला मनुष्य भलत्याच शेजाऱ्याचे नाव घातल्यामुळे दावा हरून घरी गेलेला, आणि ज्याने ते फोडले तो इसम कचेरीच्या आवारात शेंगदाणे खात बसलेला, मी डोळ्यांनी पाहिला आहे. स्नेह्यांच्या लेखाची जात नेमकी हीच आहे.

घडले ते थोडक्यात असे. आमचा बोका दिवाणजी (हे नाव नातीने त्याच्या मिशा आणि गादीवरची बैठक पाहून ठेवले) गेल्या आषाढात एके रात्री आपल्या वाळूच्या पेटीत बसे, उठे, पुन्हा बसे, थेंब पडेना. पशुवैद्यांनी पहाटे नळी घालून मूत्रमार्ग मोकळा केला आणि, आणखी दिवस दवडला असता तर बोका हाती लागला नसता, असे बजावले. समाचारास आलेल्या स्नेह्यांनी फडताळातील खाद्याची पिशवी उचलली, चष्मा कपाळावर सारला, मागील बाजूचा बारीक मजकूर डोळ्यांशी नेला आणि तेथल्या तेथे निकाल दिला: "अण्णा, यात मका आहे! आणि हे बायप्रॉडक्ट की काय ते पाहा. उकिरडा घालताय तुम्ही त्याला." त्या एका उद्गाराचा विस्तार म्हणजे तो लेख. ज्या खाद्याच्या यादीत ताज्या मांसाचे नाव पहिले नाही ते त्याज्य. 'मील' आणि 'बायप्रॉडक्ट' म्हणजे कत्तलखान्याचा केर. धान्य म्हणजे निव्वळ भरताड. प्रथिनांचा आकडा जितका मोठा तितके खाद्य श्रेष्ठ. आणि या सर्व अनर्थावर उतारा म्हणजे आजीच्या काळची दूध-पोळी, नपेक्षा घरी शिजवलेले मांस, असा त्यातील प्रतिपादनाचा ओघ आहे.

यादीपासूनच आरंभ करू, कारण स्नेह्यांनी सारी भिस्त तिच्यावर ठेवली आहे. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावेत, हा शिरस्ता खरा. परंतु ते वजन घटक यंत्रात पडण्यापूर्वीचे, म्हणजे त्यांच्या अंगच्या पाण्यासकट, धरावयाचे असते, ही गोष्ट त्यांच्या नजरेतून निसटली. कोंबडीच्या ताज्या मांसात शेकडा सत्तरच्या आसपास पाणी असते. आता समजा, शंभर किलो मिश्रणात २४ किलो ताजे चिकन, २० किलो मका आणि २० किलो तांदूळ घातला, तर यादीत चिकनचे नाव सर्वांच्या शिरोभागी झळकेल; पण भट्टीतून निघताना त्या चिकनचा कोरडा ऐवज उरतो सुमारे सात किलो, आणि मका व तांदूळ, ज्यांत मुळातच पाणी थोडे, ते प्रत्येकी सतरा किलोंच्या वर हजर असतात. ज्या मानकऱ्यास पंगतीत पहिला पाट दिला त्याच्या पानात सर्वांहून थोडे वाढले, असा हा प्रकार आहे. याउलट 'चिकन मील' म्हणजे मांस, कातडी व हाडे आटवून, चरबी पिळून, दळलेली भुकटी. तिच्यात पाणी शेकडा दहाहून कमी, आणि म्हणून २४ किलोंतले निदान साडेएकवीस किलो पदरात पडतात. स्नेही ज्यास हीन कुळीचे म्हणून पंगतीबाहेर बसवतात, त्याची हजेरी पहिल्या पाटावरच्या पाहुण्यापेक्षा तिप्पट आहे.

याच यादीत आणखी एक युक्ती चालते, जी ओळखण्यास आमच्या पिढीच्या कारकुनास अडचण पडू नये. १९६१ साली या राज्यात कमाल जमीनधारणेचा कायदा झाला, तेव्हा मोठ्या खातेदारांनी एकाच शिवारातले गट मुलगा, सून, भाचा अशा नावांवर चढवून प्रत्येक खाते मर्यादेच्या आत कसे बसवले, ते सातबाराचे उतारे चाळणाऱ्यांनी पाहिले आहे. खाद्याच्या पिशवीवर मका, मक्याचे पीठ आणि मक्याचे ग्लूटेन अशी तीन निराळी खाती पडली की तिघांपैकी एकही मांसाच्या वर चढत नाही, आणि तिघांची बेरीज केली तर सारे शिवार मक्याचे निघते. स्नेह्यांनी शिफारस केलेल्या पिशवीवर मका नाही, हे मान्य. तेथे वाटाणा, वाटाण्याचे प्रथिन, वाटाण्याचा तंतू आणि वाटाण्याचे पिष्ट अशी चार नावे आहेत. चौघेही एकाच घरचे.

बायप्रॉडक्ट या शब्दाने स्नेह्यांच्या अंगावर काटा आला, तो शब्द इंग्रजी आहे म्हणूनच आला, अशी मला दाट शंका आहे. त्या शब्दाखाली यकृत, मूत्रपिंड, फुफ्फुस, प्लीहा, हृदय, रक्त, रिकामी केलेली आतडी अशा वस्तू येतात, आणि अमेरिकी व्याख्येत केस, शिंगे, दात, खूर व पिसे यांस स्पष्ट मज्जाव आहे. आता हीच वस्तू खाटकाच्या दुकानात कलेजी, गुर्दा, दिल, वजडी या नावांनी टांगलेली असते आणि तिच्यासाठी रविवारी सकाळी रांग लागते. स्वतः स्नेही, त्यांची क्षमा मागून सांगतो, वजडीच्या रश्श्यासाठी दोन मैल चालत गेलेले मला ठाऊक आहेत. मांजराने उंदीर धरला म्हणजे ते छातीचा गाळीव तुकडा काढून घेऊन बाकीचे टाकून देत नाही. डोके, काळीज, हाडे यांसकट सबंध उंदीर पोटात जातो, आणि त्यातच त्याचे हित असते. गाजरातील पिवळ्या द्रव्यापासून अ जीवनसत्त्व घडविण्याची जी कारागिरी मनुष्याच्या व कुत्र्याच्या देहात आहे ती मांजराच्या देहात जवळजवळ नाहीच. त्यास ते तयार स्वरूपात, म्हणजे मुख्यत्वे यकृतातून किंवा मिसळलेल्या चूर्णातून, मिळावे लागते. (पिशवीच्या दर्शनी भागावर जे टवटवीत गाजर छापलेले असते ते मांजरासाठी नसून पिशवी विकत घेणाऱ्यासाठी असते.) या घटकाविरुद्ध रास्त तक्रार निराळीच आहे. कोणते अवयव, किती प्रमाणात, हाडांचा अंश किती, म्हणून राख व फॉस्फरस किती, याचा थांगपत्ता हा एक शब्द लागू देत नाही. हे कलम लावले असते तर मी मुकाट्याने मान डोलावली असती. स्नेह्यांनी लावले ते शिळेपणाचे आणि किळसेचे.

धान्याच्या प्रकरणात मात्र सत्याचा अंश मोठा आहे, आणि म्हणूनच त्यांची चूकही मोठी आहे. कोरडे दाणे घडतात ते एक्स्ट्रूडर नावाच्या यंत्रात. पीठ, मांसचूर्ण आणि वाफ यांचा लगदा दाबाखाली साच्यातून बाहेर ढकलला जातो, बाहेर पडताच तो फुलतो, सुरी त्याचे तुकडे करते, आणि सुकल्यावर त्यांच्यावर चरबीचा व पाचित यकृताच्या रसाचा हात फिरवतात, ज्याच्या वासाने मांजर वेडावते. रॅल्स्टन प्युरिना कंपनीने १९५७ साली या रीतीने फुलवलेले कुत्र्याचे खाद्य अमेरिकेच्या बाजारात आणले आणि मांजरांचे खाद्यही पुढे त्याच वाटेने गेले. आमच्या कुरडईस जसा गव्हाचा चीक लागतो, तसे या दाण्यास फुलण्यास व धरून राहण्यास पिष्ट लागते. मक्याचे असो, तांदळाचे असो, बटाट्याचे वा मसुरीचे असो, यंत्रास त्याची जात विचारण्याचे कारण नाही. ते पिष्ट पोटात जसेच्या तसे पडून राहते, हा समज खरा नाही. नीट शिजलेले पिष्ट मांजर शेकडा नव्वदहून अधिक पचवते, हे मोजून पाहिलेले आहे. पण पचते म्हणजे हवे असते, असेही नाही. मांजराच्या लाळेत पिष्ट फोडणारे द्रव्य नाही. गोडी ओळखणाऱ्या ग्राहकाचे जनुक त्याच्या वंशात मोडून पडले आहे, हे २००५ साली सिद्ध झाले. आणि मोकाट मांजरे जे शिकार करून खातात त्यातील ऊर्जेत पिष्टाचा वाटा शेकडा दोनच्या आसपास भरतो.

तेव्हा प्रश्न पिष्टाच्या गोत्राचा नसून मापाचा आहे, आणि ते माप बहुतेक पिशव्यांवर छापलेले नसते. ते आपण काढावयाचे असते. आमच्या पिशवीवर प्रथिने ३२, स्निग्धांश १२, तंतू ३ आणि आर्द्रता १० असे शेकडेवारीचे आकडे आहेत. राख सहसा सांगत नाहीत, ती ८ धरावी. बेरीज ६५, शंभरातून वजा जाता पिष्ट राहिले ३५. स्नेह्यांनी आपल्या मनीसाठी आणलेल्या, 'धान्यमुक्त' अशी सोनेरी मुद्रा मिरविणाऱ्या पिशवीवर प्रथिने ३०, स्निग्धांश १४, तंतू ४, आर्द्रता १० असे आहे. त्याच हिशेबाने पिष्ट ३४. एका टक्क्याच्या सुटकेपायी त्यांनी दुप्पट दर मोजला आहे. मांजराच्या जठरास गव्हाचा विटाळ आणि वाटाण्याचे सोवळे, असा भेद ठाऊक नसतो.

प्रथिनांच्या आकड्याविषयी स्नेह्यांची श्रद्धा तर इतकी निर्व्याज आहे की तिला धक्का लावताना हात अडखळतो. पिशवीवर जे 'क्रूड प्रोटीन' लिहितात ते प्रथिन मोजून काढलेले नसते, नायट्रोजन मोजून काढलेले असते. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत योहान केल्डाल नावाच्या रसायनज्ञाने १८८३ साली ही रीत बसविली: पदार्थ तीव्र आम्लात उकळावा, त्यातील नायट्रोजन मोजावा, आणि प्रथिनात सरासरी शेकडा सोळा नायट्रोजन असतो असे धरून त्या आकड्यास ६.२५ ने गुणावे. रीत सोपी, स्वस्त व टिकाऊ. पण ती नायट्रोजनास त्याचे घर विचारीत नाही. २००७ च्या वसंतात अमेरिकेत मांजरे व कुत्री मूत्रपिंडे निकामी होऊन मरू लागली, आणि शोधाअंती निघाले ते असे की, चीनमधून आलेल्या गव्हाच्या ग्लूटेनमध्ये मेलामाइन मिसळले होते. मेलामाइन हे प्लॅस्टिकच्या ताटल्यांसाठी लागणारे रसायन. त्याच्या वजनाचा दोन-तृतीयांश भाग नायट्रोजन. म्हणजे केल्डालच्या गुणाकारात त्याचा एक ग्रॅम चार ग्रॅमांहून अधिक प्रथिनाची साक्ष देतो. सायन्युरिक आम्लाशी गाठ पडताच त्याचे स्फटिक मूत्रपिंडाच्या नलिकांत अडकले. पुढच्याच वर्षी हीच लबाडी चीनमध्ये तान्ह्या मुलांच्या दुधात उघडकीस आली. ज्या पिशव्या परत मागविल्या गेल्या त्यांवर छापलेले प्रथिनाचे आकडे सुरेख होते.

लबाडी सोडून दिली तरी नुसत्या आकड्यांची तुलना माणसास फसविते. डब्यातील ओल्या खाद्यावर 'प्रथिने १०' वाचून स्नेही हसले, कारण कोरड्यावर ३२ आहे; पण डब्यात पाणी शेकडा ७८, म्हणजे कोरडा ऐवज २२, आणि त्यातले १० म्हणजे शेकडा ४५ हून अधिक, तर कोरड्या खाद्यात नव्वदातले ३२ म्हणजे साडेपस्तीस. पाणी वजा केल्यावाचून दोघांची रुजवात घालणे म्हणजे एकाची जमीन एकरात आणि दुसऱ्याची गुंठ्यांत मोजून वाटप करणे होय.

आता आजीच्या दूध-पोळीकडे वळतो. येथे माझ्याही आजीचा मान गुंतलेला असल्याने जपून लिहितो. आमच्या गावच्या वाड्यात मांजरे होती, त्यांस सकाळी पोळीचा कुस्करा आणि दुधाची धार मिळे, आणि ती धडधाकट होती, हे सर्व खरे. परंतु त्याच वाड्यात माळ्यावर धान्याच्या कणग्या होत्या, गोठ्यात सरकी-पेंड होती, आणि रात्रभर उंदरांची वर्दळ होती. मांजर आपला पगार त्या कणग्यांपाशी वसूल करीत असे आणि दूध-पोळी हे वरचे पान-सुपारीचे पैसे होते. आजीने पान-सुपारी पाहिली, पगार पाहिला नाही. तो अंधारात होत असे. आता तिसऱ्या मजल्यावर, खिडक्यांस जाळ्या बसविलेल्या घरात, जेथे झुरळ दिसले तरी आम्ही माणूस बोलावतो, तेथे त्या पगाराची तरतूद कोणी करावयाची? शिवाय बहुतेक मोठ्या मांजरांस दुधातील शर्करा धड पचतही नाही. पिशवीतील किंवा वाटीतील जे काही असेल त्याने सबंध उंदराची जागा भरून काढली पाहिजे, त्यात एकही पद कमी पडता कामा नये, आणि पद कमी पडल्याचे कळते ते महिन्यांनी, कधी वर्षांनी.

या बाबतीत टॉरिनचा इतिहास स्नेह्यांनी, आणि खरे तर मांजर पाळणाऱ्या प्रत्येकाने, एकदा मन लावून ऐकावा. टिडेमान आणि ग्मेलिन या जर्मन शास्त्रज्ञांनी १८२७ साली बैलाच्या पित्तातून हे द्रव्य वेगळे काढले, म्हणून लॅटिनमधील वृषभवाचक शब्दावरून त्यास नाव पडले. पुढे दीडशे वर्षे ते कोणास फारसे महत्त्वाचे वाटले नाही. मांजराचा देह ते स्वतः फार थोडे घडवतो, आणि पित्तासाठी मात्र त्याचाच, दुसऱ्या कशाचा नव्हे, सारखा खर्च करतो; जमा अल्प, नावे भरपूर. १९७५ साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले की, दुधातील केसीन हे एकच प्रथिन देऊन वाढविलेल्या मांजरांचे नेत्रपटल झिजते, आणि मूळ कारण टॉरिनचा तुटवडा हे आहे. ऐकणाऱ्यांस वाटले, प्रयोगशाळेतील कृत्रिम आहाराचा हा दोष. बाजारातील खाद्यात मांस असते, तेथे भीती नाही. पण १९८७ साली कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथील पशुवैद्यक संशोधक पियॉन आणि त्यांचे सहकारी यांनी दाखवून दिले की, दुकानातून विकत आणलेले, पूर्ण व समतोल म्हणून विकले जाणारे खाद्य खाणाऱ्या मांजरांच्या रक्तात टॉरिन तळाला गेले होते, त्यांची हृदये फुगून शिथिल पडत होती, आणि टॉरिन देताच त्यांतील कित्येक पूर्ववत झाली. खाद्यात टॉरिन अगदीच नव्हते असे नाही. शिजवण्याच्या रीतीने आणि आतड्यातील जंतूंच्या करणीने ते मांजराच्या हाती लागेपर्यंत विरत होते. म्हणूनच आजच्या अमेरिकी प्रमाणात कोरड्या खाद्यासाठी ०.१० टक्के पुरते, तर डब्यातल्या खाद्यासाठी दुप्पट, ०.२० टक्के मागितले जाते.

आता त्या काळच्या एखाद्या डब्यावरील घटकांची यादी स्नेह्यांपुढे ठेवली असती तर त्यांनी ती डोळे मिटून पसंत केली असती: मासा, यकृत, मांस. यादी निर्दोष आणि मांजराचे हृदय बंद पडत चाललेले! घटकांची नावे वाचून पोषणाचा निवाडा करणाऱ्या मताविरुद्ध याहून जबर साक्षीदार मजजवळ नाही. आणि घरी शिजवलेल्या मांसाची महती गाताना त्यांनी ज्या पॉटेंजर यांच्या प्रयोगांचा हवाला दिला, ते १९३२ ते १९४२ या काळात कॅलिफोर्नियात झाले. कच्चे मांस खाणारी मांजरे पुष्ट राहिली आणि शिजवलेले खाणाऱ्यांचा वंश खंगला, असे त्यांत आढळले. हा दाखला स्नेह्यांच्या बाजूचा कसा, हे मला शेवटपर्यंत उमगले नाही, कारण ते स्वतः शिजवलेल्या मांसाचे पुरस्कर्ते आहेत. मांजरास टॉरिन अत्यावश्यक आहे, हेच मुळी तेव्हा कोणास ठाऊक नव्हते. शिवाय नुसत्या मऊ मांसात फॉस्फरस भरपूर आणि चुना नाममात्र. त्यावर पोसलेल्या पिलांची हाडे कागदासारखी होतात.

इथवर वाचून मी कोरड्या खाद्याचे वकीलपत्र घेतले आहे असा कोणाचा समज झाला असेल, तर तो दूर करणे अगत्याचे आहे. दिवाणजीच्या दुखण्यात त्या पिशवीचा हात होता. मात्र तो मक्याचा नव्हता, वजडीचाही नव्हता. यादीत ज्याचे नावच नाही अशा वस्तूचा, म्हणजे पाण्याच्या अभावाचा, होता. मांजराचे मूळ आफ्रिकेतील रानमांजरात, रुक्ष मुलखातले. त्याची मूत्रपिंडे पाणी पिळून काढण्यात पटाईत आणि तहानेची जाणीव मंद. उंदराच्या देहात दोन-तृतीयांशाच्या आसपास पाणी असते, म्हणून शिकारीबरोबर पाणीही पोटात जाई. दाण्यात ते शेकडा दहा. कोरडे खाणारे मांजर वाडग्यातून अधिक पिते हे खरे, पण ती तूट पुरी भरून निघत नाही. मूत्र दाट होते, त्यात स्फटिक धरतात, आणि बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असल्याने गंडांतर त्याच्यावर येते. या खड्यांवर कारखानदारांनी केलेला इलाजही बोधप्रद आहे: १९८० च्या दशकात त्यांनी मॅग्नेशियम घटविले, मूत्र आम्लधर्मी राहील अशी योजना केली, आणि स्ट्रुव्हाइट जातीचे खडे उतरणीस लागले, पण त्याच सुमारास कॅल्शियम ऑक्झलेटचे खडे चढणीस लागले, जे कोणत्याही आहाराने विरघळत नाहीत.

दुसरा अपराधी मी स्वतः. मघाच्या आकड्यांवरून त्या खाद्याच्या शंभर ग्रॅमांत सुमारे ३३५ किलोकॅलरी पडतात. घरात बसून राहणाऱ्या चार किलोंच्या मांजरास दिवसाला दोनशेच्या आसपास पुरतात, म्हणजे साठ ग्रॅम, एक लहान वाटी. दिवाणजीचे वाडगे मात्र आमच्याकडे अन्नछत्रासारखे अष्टौप्रहर भरलेले असे, आणि नसबंदी झालेला, जिना उतरण्याचाही कंटाळा असणारा तो बोका पावणेसात किलोंस पोचला, ते आम्ही त्याच्या राजबिंडेपणाचे लक्षण समजलो. दहा ग्रॅम दाणे म्हणजे चिमूटभर वाटतात. ते त्याच्या दिवसाच्या गरजेचा सहावा हिस्सा असतात. पशुवैद्यांनी आता निम्मा आहार डब्यातला ओला लावून दिला आहे आणि उरलेले दाणे केशराप्रमाणे तराजूत तोलून द्यावे लागतात.

तिसऱ्याचे नाव घेताना मला जुनी सवय आठवते. आपल्याकडील अन्नसुरक्षेचा २००६ सालचा कायदा काढून 'अन्न' या शब्दाची व्याख्या वाचावी. तीतून पशुखाद्य नावानिशी वगळले आहे. वजन, किंमत, आयातदाराचा पत्ता हे छापण्याचे बंधन वैधमापनाच्या नियमांनी येते, पण आत टॉरिन किती हे विचारणारा त्या कायद्याच्या कक्षेत कोणी नाही. अमेरिकेत १९०९ पासून पशुखाद्य-नियंत्रण अधिकाऱ्यांची 'आफ्को' नावाची मंडळी आहे. प्रौढ मांजराच्या खाद्यात पाणी वगळून प्रथिने किमान २६ टक्के, वाढत्या पिलासाठी ३० टक्के, अशी प्रमाणे ती ठरविते. पण ती स्वतः कोणत्याही पिशवीस मंजुरी देत नाही, म्हणून पिशवीवर तिची 'मान्यता' लिहिलेली दिसली तर विक्रेत्यास हसून परत करावी. तिच्या प्रमाणांस अनुसरून दोन प्रकारचे दाखले छापता येतात: खाद्य कागदोपत्री त्या प्रमाणांत बसते, हा एक; आणि ते मांजरांस प्रत्यक्ष खाऊ घालून पाहिले, हा दुसरा. दुसरा अधिक वजनदार, तथापि त्याचाही बोभाटा करू नये, कारण प्रौढांसाठीच्या त्या परीक्षेत आठ मांजरे सव्वीस आठवडे लागतात, आणि मांजराचे आयुष्य पंधरा वर्षांचे असते. आमच्या पिशवीवर यांपैकी कोणता दाखला होता हे मला बरेच दिवस कळले नाही, कारण आयातदाराने किमतीची चिठ्ठी नेमकी त्याच ओळीवर चिकटविली होती. नखाने खरवडून पाहता पहिला निघाला.

स्नेह्यांच्या लेखाने जो अपाय होतो तो येथे. 'ताजे चिकन पहिल्या क्रमांकावर', 'धान्यमुक्त', 'बायप्रॉडक्ट नाही', असे गिऱ्हाइकाने मागावे हेच विक्रेत्यास हवे असते, कारण हे सर्व छापखान्यात साधता येते, एक दाणाही न बदलता. आणि फॉस्फरस किती, टॉरिन किती, शंभर ग्रॅमांत कॅलरी किती, मिश्रण कोणा पोषणतज्ज्ञाने बांधले, हे प्रश्न कोणी विचारीत नाही तोवर ते बिनघोर असतात. मी हे चार प्रश्न गेल्या भाद्रपदात आयातदारास टपालाने विचारले. तीन आठवड्यांनी उत्तरादाखल एक गुळगुळीत रंगीत पत्रक आले, ज्यावर कोंबडी, गाजर आणि एक पांढरेशुभ्र मांजर आहे आणि आकडा एकही नाही. दुसरे पत्र लिहून तयार आहे. त्याखाली एक सही माझी आहे, दुसरीसाठी जागा सोडली आहे, आणि स्नेह्यांनी रविवारी वजडी आणावयास जाताना वाटेत थांबून ती करावी, अशी त्यांस माझी दरखास्त आहे. मनीची पिशवीही सोबत आणावी. तिच्यावरच्या चिठ्ठीखाली काय आहे ते पाहावयाचे आहे.